दोन रंग जुळत नाहीत तेव्हा: फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपीतल्या एका जुन्या दुखण्याची पार्श्वभूमी

फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपीत नमुन्यातल्या गोष्टी वेगवेगळ्या रंगांत चमकवतात आणि त्या रंगांची चित्रं एकमेकांवर ठेवतात; जुनं दुखणं हे, की ती चित्रं नीट जुळत नाहीत. 1886 साली आलेल्या अपोक्रोमॅट ऑब्जेक्टिव्हनी (नमुन्याजवळच्या, रंगदोष कमी करणाऱ्या भिंगांनी) वर्णविपथन, म्हणजे रंगागणिक प्रतिमा थोडी वेगळी पडणं, बरंच आटोक्यात आणलं, पण थोडी बाकी नेत्रिकेवर (डोळ्याजवळच्या भिंगावर) सोडली. ऑब्जेक्टिव्हमध्ये उरलेला फरक नेत्रिका उलट्या दिशेने भरून काढी. नेत्रिका टाळून कॅमेरा लावला, की ती बाकी थेट चित्रात उतरे. आजही काही उत्पादक ही दुरुस्ती ऑब्जेक्टिव्हमध्येच पुरी करतात, तर काही ट्यूब लेन्सवर (ऑब्जेक्टिव्हमागच्या, प्रतिमा तयार करणाऱ्या भिंगावर) टाकतात. त्यामुळे एकाचं ऑब्जेक्टिव्ह दुसऱ्याच्या मायक्रोस्कोपवर बसवलं की चित्राच्या कडेला रंग फाकतात.

1960च्या दशकात डायक्रोइक आरसा (काही रंग परतवणारा, काही आरपार जाऊ देणारा) रुळला आणि पुढे प्रत्येक रंगाला स्वतंत्र फिल्टर क्यूब, म्हणजे तो आरसा आणि फिल्टर बसवलेला ठोकळा, मिळाला. क्यूबमधल्या काचेचे दोन पृष्ठभाग अगदी समांतर नसले की त्या रंगाचं अख्खं चित्र एका बाजूला सरकतं. निदानाची मेख इथेच आहे. चार रंगांत चमकणारे सूक्ष्म बीड्स (मणी) बघायचे. सरक सगळीकडे सारखी असेल तर संशय क्यूबवर. मध्यभागी शून्य आणि कडेकडे वाढत जात असेल तर ऑब्जेक्टिव्हवर. दोन कॅमेरे असतील आणि सरक गोल फिरल्यासारखी दिसत असेल तर कॅमेऱ्यांच्या बैठकीवर. क्यूबमधला एमिशन फिल्टर (नमुन्यातून येणारा प्रकाशच जाऊ देणारी काच) त्याच्या खाचेत 180 अंश फिरवल्यावर सरकेची दिशाही उलटली, तर चोर सापडला.

1994 नंतर हिरवं चमकणारं प्रथिन (GFP) जिवंत पेशींत घालता येऊ लागलं, दुरंगी चित्रांचा पूर आला, आणि हिरवं अधिक लाल म्हणजे पिवळं, हाच अनेकांना दोन प्रथिनं एकत्र असल्याचा पुरावा वाटू लागला. 1996 साली एक युक्ती पुढे आली: एक चित्र पिक्सेलागणिक सरकवत दोन रंगांचा सहसंबंध मोजायचा. सहसंबंधाचं शिखर शून्य सरकेवर नसेल तर काहीतरी सरकलेलं आहे.

पण काय? यंत्र की पेशीतली प्रथिनंच? वाद इथे पेटतो. काहीजण शिखर शून्यावर येईल इतकं चित्र सरकवतात आणि मग त्याच चित्रात दोन प्रथिनं एकत्र आहेत का, हे मोजतात. म्हणजे उत्तर आधी घालायचं आणि मग तेच काढून दाखवायचं! सगळ्या पेशी एकाच दिशेला तोंड करून असलेल्या ऊतीत दोन प्रथिनांमधलं खरंखुरं अंतर यात पुसलं जातं. या पद्धतीच्या समर्थकांचा एक मुद्दा मात्र रास्त आहे. काचेवरचे बीड्स जाड नमुन्याच्या आतलं काही सांगत नाहीत. तिथे अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो ते) बदलतो आणि रंगागणिक फोकसही हलतो. त्यावरचा चांगला उपाय म्हणजे तशाच दुसऱ्या नमुन्यात एकच रचना दोन्ही रंगांनी रंगवायची. तिथे दिसणारी सरक यंत्राची आणि नमुन्याच्या प्रकाशकीची. जीवशास्त्राचा त्यात हात नाही.

2006 पासून रेणू एकेक करून टिपणाऱ्या पद्धती आल्या आणि जुनी ढिलाई परवडेनाशी झाली. 6.5 मायक्रॉनचा पिक्सेल 100 पट ऑब्जेक्टिव्हखाली 65 नॅनोमीटरचा होतो. सुमारे 200 नॅनोमीटर विभेदनाच्या (दोन ठिपके वेगळे दिसण्याच्या मर्यादेच्या) काळात एका पिक्सेलची सरक खपून जाई. 20-30 नॅनोमीटरच्या चित्रात तेवढ्यानेच शेजारी रेणू एकमेकांवर बसतात.