रुतलेले नख
पायाच्या नखाची कड बाजूच्या मांसात घुसून होणारी जखम. ती बहुधा अंगठ्याला होते. नख कोपऱ्यात गोल आणि खोल कापले की आत टोकदार तुकडा राहतो, आणि नख वाढेल तसा तो मांसात शिरतो. विदर्भात पावसाळा त्यात भर घालतो. भंडारा-गोंदियाकडे भाताच्या रोवणीच्या दिवसांत पाय तासन्‌तास बांधीतल्या (भातखाचरातल्या) चिखलात असतात. भिजून मऊ पडलेल्या कातडीत नख सहज घुसते.

आधी कड लाल होते, मग पू धरतो. गंभीर अवस्थेत जखमेवर लालभडक, हात लागताच रक्त येणारे मांस वाढते आणि चप्पलही घालवत नाही. कोमट पाण्याचा शेक, कडेखाली कापसाची बारीक वात हे उपाय सुरुवातीलाच गुण देतात. पुढे नुसत्या गोळ्यांवर दिवस काढण्यात अर्थ नाही. सूज उतरते, पण रुतलेला तुकडा आतच असतो आणि दुखणे उलटते.

खरा उपाय छोट्या शस्त्रक्रियेचा. अंगठ्याच्या बुडाशी लिग्नोकेनची इंजेक्शने देऊन तो बधिर करतात; दुखते ते मुख्यतः तेवढ्यापुरते. मग बुडाशी रबर आवळून रक्त थांबवतात, रुतलेल्या बाजूने नखाची उभी पट्टी मुळापर्यंत काढतात आणि तिथले मूळ फिनॉल हे रसायन लावून नष्ट करतात. (हे फरशी पुसायचे फिनाइल नव्हे, घरी कोणी प्रयोग करू नये.) अख्खे नख उपटले तरी मूळ शाबूत राहते, त्यामुळे नवे नख पुष्कळदा पुन्हा रुतते. नखाची पट्टी काढल्यावर ते थोडे अरुंद दिसते, इतकेच. रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. जखम मात्र दोन ते चार आठवडे पाझरते आणि तोवर चिखल वर्ज्य. ऐन हंगामात शेतकऱ्याला हीच अट सर्वांत जड जाते. म्हणून वारंवार उलटणारे दुखणे मृगाआधीच उरकून घ्यावे.

मधुमेह किंवा कुष्ठरोगाने पाय बधिर झालेल्यांना जखम कळतच नाही. दत्तपूर आणि आनंदवनासारख्या कुष्ठसेवेच्या संस्था ज्या भागात उभ्या राहिल्या, तिथे अशा पायांकडे घरच्यांनी रोज पाहायला हवे. अशा रुग्णाने ब्लेडने कोपरा कोरू नये, थेट दवाखाना गाठावा. शस्त्रक्रियेआधी डॉक्टर पायाचा रक्तपुरवठा तपासतात. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्याने तेही आधीच सांगावे, कारण रबर आवळावे की नाही हे त्यावर ठरते.