दोन्ही दहाच, तरी एक नव्हेत

गणपतीत गुहागरला गेलो की भाचीची वही माझ्यासमोर येतेच. यंदा पडवीत तांदूळ निवडताना म्हणाली, "मामा, ट्रान्झिस्टरची रुंदी २ मायक्रॉन, लांबी ०.२. नाहीतर रुंदी १०, लांबी १. डब्ल्यू बाय एल, म्हणजे रुंदी भागिले लांबी, दोन्हीकडे दहाच ना? मग लहानच घेते, जागा वाचेल."

सूत्र तिच्याच बाजूचं. सॅच्युरेशनमध्ये, म्हणजे ट्रान्झिस्टर जवळपास स्थिर करंट देतो तेव्हा, व्होल्टेज तेच असेल तर करंट या गुणोत्तरावरच ठरतो. पण तिला करायचा होता करंट मिरर, म्हणजे एका ट्रान्झिस्टरच्या करंटची दुसऱ्यात नक्कल, आणि त्यात दोन ट्रान्झिस्टर जुळे हवेत.

गेट म्हणजे ट्रान्झिस्टरचा करंट ताब्यात ठेवणारं टोक. त्याखालचे डोपंट, म्हणजे सिलिकॉनमध्ये मुद्दाम मिसळलेले परके अणू, कोणी मोजून टाकत नाही, पडतील तसे पडतात. तांदळात लाल दाणे होतेच. तिला दोन चिमटी उचलायला लावल्या. एकीत ३ लाल, दुसरीत ७. दोन पायल्या मोजल्या असत्या तर प्रमाण जवळपास एकच निघालं असतं. पेलग्रोम आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली हेच सूत्रात मांडलं: जोडीच्या थ्रेशोल्ड व्होल्टेजमधली (ज्या व्होल्टेजला ट्रान्झिस्टर चालू होतो, त्यातली) तफावत क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते.

लहानाचं क्षेत्रफळ ०.४ चौरस मायक्रॉन, मोठ्याचं १०. क्षेत्रफळ २५ पट, म्हणून तफावत पाचपट कमी. १८० नॅनोमीटरच्या चिप तंत्रज्ञानात या सूत्राचा स्थिरांक ५ मिलिव्होल्ट-मायक्रॉन धरू: लहान जोडीत सुमारे ८ मिलिव्होल्ट, मोठीत १.६. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे थ्रेशोल्डच्या वरचं गेटचं व्होल्टेज, २०० मिलिव्होल्ट असेल, तर करंट ८ टक्के चुकतो, तोही एका सिग्माला (एका प्रमाण विचलनाला); काही जोड्या याहून जास्त चुकतात. मोठ्या जोडीत १.६ टक्के. शिवाय एल आखूड असला की ड्रेनचं (करंट वाहतो त्या टोकाचं) व्होल्टेज हललं की करंटही हलतो.

"मग सगळीकडे मोठेच घालू?"

नको गं. गेटची कपॅसिटन्सही (चार्ज साठवण्याची क्षमता) २५ पट होते, आणि त्याच ओव्हरड्राइव्हला वेग एलच्या वर्गानं घटतो. सिग्नलच्या वाटेवर आखूड एल, बायसच्या, म्हणजे सर्किटला ठरावीक करंट पुरवणाऱ्या, मिररला लांब, हा माझा नेम.

चौपट करंटसाठी तिनं रुंदी सरळ ४० केली होती. तेही खोडायला लावलं. १०/१ चे चार वेगळे तुकडे शेजारी शेजारी ठेवायचे. कोरताना कडेला होणारी चूक प्रत्येक तुकड्यात तेवढीच येते आणि एकास चार हे प्रमाण टिकतं. ४० च्या एकसंध पट्टीत ती चूक एकदाच येते, म्हणून प्रमाण ढळतं.


"म्हणजे लेआउटमध्ये मलाच चार वेळा काढायचं?" वही मिटत ती म्हणाली.