एकही नाही, नि आली की दोन-दोन

बेळगावात अनगोळ, वडगाव, कंग्राळी, सांबरा, कुठल्याही बसस्टॉपवर उभं राहा. दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, ‘तासभर एकही नाही, नि आली की दोन-दोन.’ दुसरं, ‘आमचं नशीबच फुटकं, कायम लांबल्या गाडीतच सापडतो.’ दोन्ही खरी आहेत. फक्त दुसऱ्यात नशिबाचा काही संबंध नाही, ते शाळेतलं वर्गाचं (संख्येला त्याच संख्येनं गुणण्याचं) गणित आहे. फेऱ्या कमी झाल्या की हेच गणित अंगावर येतं.

समजा, सीबीटीहून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकातून, एका मार्गावर तासाला ६ बसेस सुटतात, दर १० मिनिटांनी एक. घड्याळ न बघता स्टॉपवर येणाऱ्याला सरासरी ५ मिनिटं थांबावं लागेल. आता गाडी नाही, ड्रायव्हर नाही म्हणून दोन फेऱ्या रद्द झाल्या. उरल्या ४, म्हणजे सरासरी अंतर १५ मिनिटं आणि थांबणं साडेसात. कागदावर एवढंच दिसतं. पण हे साडेसात खरं ठरायला उरलेल्या चारही फेऱ्यांच्या वेळा नव्यानं सारख्या बसवाव्या लागतात. त्यासाठी ड्युटीचं अख्खं पत्रक हलवावं लागतं. त्यापेक्षा रद्द फेरीवर काट मारणं सोपं.

काट कुठे बसते, यावर सगळं आहे. सलग दोन फेऱ्या गेल्या तर उरलेली अंतरं १०, ३०, १०, १० मिनिटं. सरासरी अजून १५च. पण प्रवासी सरासरीत येत नाहीत, ते मिनिटामिनिटाला येतात. तासाच्या ६० मिनिटांपैकी ३० मिनिटं त्या एका मोठ्या खिंडारात गेली, म्हणजे निम्मे लोक तिथेच सापडणार. हिशोब असा करायचा: प्रत्येक अंतराचा वर्ग करा, बेरीज करा, एकूण वेळेच्या दुपटीनं भागा. १०० + ९०० + १०० + १०० = १२००. भागिले १२० = १० मिनिटं. फेऱ्या एक तृतीयांश कमी, थांबणं दुप्पट! दोन फेऱ्या सलग न काढता दर तिसरी काढली असती, म्हणजे १०, २०, १०, २०, तर हाच आकडा सव्वाआठच्या आसपास आला असता. डिझेल तेवढंच, ड्रायव्हर तेवढेच.

नेमकं सूत्र हवं असेल तर: सरासरी थांबणं म्हणजे सरासरी अंतराचा अर्धा भाग, गुणिले (१ अधिक अंतरांच्या विचलन गुणांकाचा वर्ग). हे डोक्यावरून गेलं तरी चालेल, वर्ग हा शब्द तेवढा धरून ठेवा. अंतर तिप्पट झालं की त्याचा त्रास नऊपट मोजला जातो.

गर्दीलाही हेच लागू. मिनिटाला २ प्रवासी येत असतील तर चार गाड्यांत ६०, २०, २०, २० माणसं चढतील. डेपोच्या हिशोबात ‘गाडीमागे ३०’, म्हणजे बसायला जागा. पण १२० पैकी ६० जणांनी चेंगरून प्रवास केलेला असतो. त्यामुळे ‘गाड्या रिकाम्या धावतात’ आणि ‘पाय ठेवायला जागा नाही’ ही दोन्ही विधानं एकाच दिवशी, एकाच मार्गाबद्दल खरी असू शकतात. ११ जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना मोफत प्रवास मिळाला, तेव्हापासून गर्दीचं खापर त्यांच्यावर फोडायची सवय झाली आहे. प्रवासी वाढले हे खरं, पण गर्दी म्हणजे प्रवासी भागिले फेऱ्या. भाजकाकडे कुणी बघत नाही.

आता ‘दोन-दोन’ का येतात ते. न्यूएल आणि पॉट्स या संशोधकांनी १९६४ साली हे गणितात मांडलं. एक बस मिनिटभर मागे पडली. मोठ्या स्टॉपवर मिनिटाला ४ माणसं येत असतील, तर तिच्यासाठी ४ माणसं जास्त. प्रत्येकाला चढायला ३ सेकंद धरा, १२ सेकंद आणखी गेले. ६० सेकंदांचा उशीर ७२ झाला, पुढच्या स्टॉपला ८६, मग १०४, मग १२४. चार स्टॉपमध्ये दुप्पट. मागून येणाऱ्या गाडीला मात्र माणसंच मिळत नाहीत, म्हणून ती भरभर पुढे सरकते नि हिला गाठते. भरल्या गाडीत कंडक्टर मागपर्यंत पोचत नाही, बायकांचं शून्य रुपयांचं तिकीटसुद्धा यंत्रातून काढूनच द्यावं लागतं, त्यात आणखी वेळ. मोबाइलवर गाडी कुठे आहे ते दाखवणाऱ्या ॲपचं मोठं कौतुक चालतं. त्यात उशीर दिसतो, कमी होत नाही. गाड्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मागच्या गाडीला मधल्या एखाद्या ठिकाणी दोन मिनिटं धरून ठेवणारा कंट्रोलर लागतो.

साठ माणसांची गाडी रस्त्यावर काय करते, तेही बघा. ताशी २५ किलोमीटर वेगानं १५ मीटर त्रिज्येचं उजवं वळण घेतलं, तर दारातल्या ५० किलोच्या पोराला बाहेर फेकणारी ओढ सुमारे १६ किलो वजनाइतकी असते. पाठीवर दप्तर, एक हात, आणि बेळगावच्या पावसात ओली झालेली दांडी. पुढच्या दारातून पडलेला मागच्या चाकाच्या पुढ्यात असतो.

डाव्या वळणाचा धोका वेगळा. मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेनं जात नाहीत, आत कापतात. पुढच्या नि मागच्या आसांतलं अंतर साडेपाच मीटर असेल तर याच वळणावर ती जवळपास एक मीटर आत येतात. धावत गाडी पकडणारे आणि डावीकडून घुसणारे दुचाकीवाले नेमके त्याच मीटरमध्ये असतात. बंपरला लिंबू-मिरची दर अमावास्येला नवी बांधली, तरी हा मीटर कमी होत नाही.

पण सगळ्यात जास्त माणसं बसच्या दारात नव्हे, दुचाकीवर मरतात. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ जण गेले, त्यात ४४.५ टक्के दुचाकीवरचे. कॉलेजच्या ४० पोरांनी बस सोडून दुचाकी धरली, तर दोघांमागे एक म्हटलं तरी २० दुचाक्या वाढतात. ट्रिपल सीट असेल तर वजन मागे सरकतं, पुढचं चाक हलकं होतं, हँडल नि पुढचा ब्रेक दोन्ही ढिले पडतात. येळ्ळूर, उचगाव, किणयेसारख्या गावांत तर वरचं सूत्रच चालत नाही, कारण लोक वेळ बघूनच येतात. तिथे संध्याकाळची एक फेरी गेली की पुढचा पर्याय म्हणजे भरलेली वडापची जीप, नाहीतर अंधारात कडेनं चालत जाणं.

आपल्या स्टॉपचा आकडा काढायचा असेल तर वही, पेन आणि सकाळचे आठ ते दहा हे दोन तास पुरेत. आपल्या मार्गाच्या प्रत्येक गाडीची वेळ लिहा, दोन गाड्यांमधल्या अंतरांचे वर्ग करा, बेरजेला त्या अंतरांच्या बेरजेच्या दुपटीनं भागा. शेजारी एक रकाना गर्दीचाही ठेवा: बसलेले, उभे, दारात. चेंगरलेल्या गाडीच्या मागे मिनिटा-दोन मिनिटांत रिकामी गाडी किती वेळा आली, तेही त्यातच दिसेल.