ऊती, विणकाम आणि रंगाऱ्याची तुरटी

बायोप्सीची काचपट्टी उजेडात धरली की तिच्यावर गुलाबी-जांभळा ठिपका दिसतो. हे रंग शरीराचे नव्हेत. ते आले कापडाच्या धंद्यातून.

मुळात ‘ऊती’, म्हणजे एकाच प्रकारचे काम करणाऱ्या पेशींचा समूह, हा शब्दच विणकामाचा. संस्कृतात ‘ऊति’ म्हणजे विणणे, फ्रेंच ‘तिस्यू’ म्हणजे विणलेले कापड, आणि ‘हिस्टॉलॉजी’ म्हणजे ऊतींच्या अभ्यासाच्या नावातला ग्रीक ‘हिस्टॉस’ म्हणजे माग. पॅरिसचा डॉक्टर झेव्हिए बिशा याने १८०१ च्या सुमारास शरीरातल्या २१ ऊती वेगळ्या काढून दाखवल्या, त्याही सूक्ष्मदर्शकाला हात न लावता. अवयव उकळायचे, वाळवायचे, कुजू द्यायचे, आम्लात बुडवायचे आणि कुठला पापुद्रा कसा वागतो ते पाहायचे, अशी त्याची रीत. वयाच्या तिसाव्या वर्षी तो गेला. भिंगांवर त्याचा भरवसा नव्हता आणि मला ते रास्तच वाटते. तेव्हाच्या भिंगांतून प्रत्येक कडेला रंगीत झालर दिसे.

१८३० मध्ये जोसेफ जॅक्सन लिस्टरने भिंगांचा हा दोष बराच कमी केला. तरी पेच उरलाच. ऊतीचा पातळ काप जवळजवळ पारदर्शक असतो. पाहायचे तरी काय?

१८५८ मध्ये जर्मनीतल्या गेर्लाखने मेंदूचा काप कारमाइनच्या पातळ द्रावणात रात्रभर राहू दिला. हा लाल रंग कोचिनिल किड्यांपासून काढतात. सकाळी पेशींची केंद्रके उठून दिसत होती.

पुढे टिकला तो मात्र हिमॅटॉक्सिलिन. मेक्सिकोतल्या कांपेचे भागात होणाऱ्या झाडाच्या गाभ्यातला हा रंग युरोपातले रंगारी शतकानुशतके कापडाला काळा-जांभळा रंग देण्यासाठी वापरत. नुसता तो नीट बसत नाही, तुरटी लागते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. १८६५ मध्ये बोमरने तीच तुरटी ऊतींसाठी वापरली. तुरटीतले ॲल्युमिनियम रंगाला धन भार देते आणि तो केंद्रकातल्या आम्लाला, म्हणजे डीएनएला, जाऊन चिकटतो. उरलेल्या पेशीला गुलाबी करणारा इओसिन हा जर्मन रंगउद्योगातला कृत्रिम रंग. त्याच्या नावातली ग्रीक पहाटदेवी ‘इओस’ आणि आपली ‘उषा’ हे शब्द एकाच मुळाचे. १८७६ मध्ये दोन्ही रंग एकत्र आले.

आजही तपासणीला आलेल्या तुकड्याची पहिली काचपट्टी याच जोडीने रंगवतात. गाठ साधी की कर्करोगाची, हे ठरवताना पॅथॉलॉजिस्टची नजर आधी त्या जांभळ्या केंद्रकांवर जाते: ती केवढी आहेत, किती गडद आहेत, एकमेकांसारखी आहेत की नाहीत.