पार्श्वभूमी : इस्रायलचा शिक्का आणि तासगावचा पासपोर्ट

सांगलीच्या तासगाव-पलूस पट्ट्यातल्या द्राक्ष बागायतदाराच्या कपाटात जुने-नवे पासपोर्ट रबर लावून एकत्र ठेवलेले असतात. एप्रिल छाटणी उरकली की परदेश दौऱ्याच्या गप्पा निघतात आणि एक प्रश्न हमखास येतो: इस्रायलला जाऊन आलोय, आता आखातात अडवतील का?

शिक्क्यावरून अडवणं नवं नाही. वर्णद्वेषी राजवट होती तोवर आपल्याच पासपोर्टवर ‘दक्षिण आफ्रिका वगळून’ अशी नोंद असायची. इस्रायलचं प्रकरण मात्र समोरच्या देशांनी उभं केलं. अरब देशांनी बहिष्कार घातला, त्याचे पुढे कायदे झाले. लेबनॉनचा १९५५ चा, कुवेतचा १९६४ चा, अमिरातीचा १९७२ चा. मूळ रोख व्यापारावर होता, पण त्याच वातावरणात काही देश पासपोर्टवरच्या इस्रायली खुणा पाहूनही माणूस परत पाठवू लागले. लेबनॉनचा दरवाजा आजही असाच बंद आहे.

भारताचे इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ मध्ये जुळले. ठिबक पाहायला आपल्याकडचे शेतकरी तिकडे जाऊ लागले. द्राक्षं मात्र आखातातही जायची. म्हणजे शिकायचं एकीकडे आणि विकायचं दुसरीकडे. त्या काळात विमानतळावर ‘शिक्का वेगळ्या कागदावर मारा’ अशी विनंती करावी लागे, ती मान्य होणं समोरच्याच्या मर्जीवर.

२०१३ पासून तेल अवीवच्या विमानतळावर शिक्क्याऐवजी सुटी चिठ्ठी मिळू लागली. या निर्णयाचं कौतुक जरा जास्तच झालं. ज्यांना व्हिसा लागत नाही त्या युरोपीय-अमेरिकी प्रवाशांचा पासपोर्ट खरंच कोरा राहिला. आपल्याला व्हिसा लागतो, आणि तो पासपोर्टच्या पानावर चिकटवलेला असायचा. चिठ्ठी फेकून दिली तरी स्टिकर तिथेच! शिवाय कुणी जमिनीवरून जॉर्डन किंवा इजिप्तमध्ये उतरला, तर त्या नाक्याचा शिक्काच सांगतो की पलीकडे इस्रायल होतं. थोडक्यात, ती सवलत तासगावकरासाठी नव्हतीच. २०२५ मध्ये भारतीयांना ई-व्हिसा मिळू लागला, तेव्हा कुठे पान मोकळं राहायला लागलं. तोवर दुबईपुरता प्रश्न निकालात निघाला होता, कारण अमिरातीने बहिष्काराचा कायदा २०२० मध्ये रद्द केला.

गावात ‘शिक्का बसला’ हे व्हिसा नाकारला तरी म्हणतात, मुदतीपेक्षा जास्त राहिल्याने हाकलला तरी म्हणतात. दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पूर्वी अमेरिकेच्या वकिलातीत व्हिसा नाकारला की मागच्या पानावर ‘अर्ज मिळाला’ एवढाच शिक्का मारत. जाणत्यांना त्याचा अर्थ कळायचा. नकारामुळे पुढचा रस्ता कायमचा बंद होत नाही. जास्त राहिल्याने मात्र तो काही वर्षांसाठी बंद होतो: अमेरिकेच्या १९९६ च्या कायद्याने १८० दिवसांहून अधिक बेकायदा राहून बाहेर पडलेल्याला तीन वर्षं, वर्षभर किंवा जास्त राहिलेल्याला दहा वर्षं बंदी. आणि फॉर्मवर ‘कधी व्हिसा नाकारला होता का’ याला खोटं ‘नाही’ लिहिलं, तर ब्रिटनमध्ये तेवढ्यावरच दहा वर्षं जाऊ शकतात. एजंट हे सांगत नाहीत. उलट तेच ‘नाही’वर खूण करायला लावतात.

चांगले शिक्केही कामाला येतात. युरोपातल्या शेंगेन देशांचे (एकाच व्हिसावर फिरता येणारे देश) दोन व्हिसे तीन वर्षांत नियमाने वापरले असतील, तर भारतीयांना दोन वर्षांचा, त्यानंतर सहसा पाच वर्षांचा व्हिसा देण्याची पद्धत एप्रिल २०२४ मध्ये ठरली. गंमत म्हणजे ऑक्टोबर २०२५ पासून तिथे शिक्के मारणंच टप्प्याटप्प्याने बंद होऊ लागलं. चेहरा आणि बोटांचे ठसे नोंदवतात. १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, त्याचा हिशेब आता यंत्र ठेवतं.

पान फाडण्याचा उपाय अजून चालतो असं समजणारे आहेत. बँकॉकची सहल घरच्यांपासून लपवायला पानं फाडलेल्यांना मुंबई विमानतळावर अटक झाल्याच्या बातम्या येऊन गेल्या आहेत. ‘हरवला’ म्हणून नवा काढण्याची युक्ती आखातात या शतकाच्या सुरुवातीलाच संपली. अमिरातीने हाकललेल्यांच्या डोळ्यांच्या बुबुळांची नोंद ठेवायला घेतली होती. आणि आपल्या नव्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर जुन्याचा नंबर छापलेलाच असतो.