गोरोका शो: जुना नाच, १९५७ चं निमंत्रण

पापुआ न्यू गिनीच्या गोरोका गावी पोर्ट मोर्स्बीहून जायचं तर विमानच गाठावं लागतं. राजधानीपासून या डोंगरी मुलखापर्यंत रस्ताच नाही. दरवर्षी सप्टेंबरात, १६ तारखेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, इथे गावोगावच्या जमाती नटूनथटून जमतात. नाच, गाणं, मिरवणं या सगळ्याला मिळून तिथल्या टोक पिसिन भाषेत सिंगसिंग म्हणतात. अंगावरच्या साजशृंगाराला ‘बिलास’. ऐकून आपल्याला विलास आठवतो; नातं मात्र काही नाही.

पाहणाऱ्याला वाटतं, हा मेळा हजारो वर्षं असाच भरत असणार. तो सुरू झाला १९५७ साली, आणि सुरू केला तेव्हा इथला कारभार पाहणाऱ्या ऑस्ट्रेलियन सरकारी अधिकाऱ्यांनी.

त्याआधीची हकिगत तीसेक वर्षांचीच. १९३० पर्यंत किनाऱ्यावरच्या गोऱ्यांचा समज होता की आत नुसते निर्मनुष्य डोंगर आहेत. सोनं शोधायला निघालेले मायकेल लेही आणि मायकेल ड्वायर आत शिरले, तर रात्री समोरच्या दरीत जिकडेतिकडे शेकोट्या. आखीव रताळ्यांचे मळे, डुकरं, लाखो माणसं. लेहींनी मजुरी आणि खाण्याच्या जिनसांचा मोबदला शिंपल्यांत द्यायला सुरुवात केली. समुद्राचा शिंपला तोवर हातोहाती, कित्येक टोळ्यांमधून फिरत डोंगरात पोचायचा, म्हणून सोन्यासारखा जपला जायचा. आता तो विमानाने पोत्यांनी येऊ लागला आणि भाव कोसळला. कवडी कशी कवडीमोल होते हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे ती गोंधळ्याच्या गळ्यात तरी मानाने राहिली.

मग आले ‘किआप’, म्हणजे हद्दीत गस्त घालणारे, न्यायनिवाडाही करणारे साहेब. ऑस्ट्रेलियातल्या शेतकी प्रदर्शनांच्या धर्तीवर त्यांनी गोरोकात शो भरवला. आपापल्या भागातली माणसं घेऊन यायचं, कोणाचा भाग सरस ते दाखवायचं, असा साहेबांमधलाही चढाओढीचा मामला होता. कालपरवापर्यंत एकमेकांवर बाण सोडणाऱ्या टोळ्या एका मैदानात, तेही नाचायला आणायच्या, हा त्यामागचा हिशेब. निकालावरून भांडणं पेटू लागली तेव्हा पुढे बक्षिसांची स्पर्धा मागे पडली. माउंट हागेनचा शो १९६० च्या दशकातला, त्याच वळणाचा.

असारो खोऱ्यातल्या ‘चिखलमाणसां’ची कीर्तीही याच शोने पसरवली. अंगभर राखाडी चिखल, डोक्यावर जड मातीचा मुखवटा, बोटांना बांबूची लांब नखं. गाणं नाही, ढोल नाही. सावकाश, दबकत चालणं फक्त. त्यांची कथा अशी: हरलेले लोक नदीत लपले, संध्याकाळी चिखलाने माखून बाहेर आले, आणि शत्रू त्यांना भुतं समजून पळाला. कथा किती जुनी यावर वाद घालता येईल, पण मैदानात ते आले की पोरं आईला बिलगतात, हे खरं.

सरकारी निमंत्रणावरून नाच सुरू झाला म्हणून तो खोटा, असं मला वाटत नाही. पोशाख साहेबांनी दिलेला नव्हता. हुली जमातीच्या पुरुषांचा टोप त्यांच्या स्वतःच्या केसांचा असतो. तरुण ते महिनोन्‌महिने वाढवतात, मग कापून टोप बांधतात. चेहऱ्याला पिवळी माती लावतात. स्वर्गपक्ष्यांची पिसं बापाकडून मुलाकडे येतात, शेजाऱ्याकडून उसनीही आणतात, आणि एरवी कसर लागू नये म्हणून नीट गुंडाळून ठेवतात. हल्ली मातीऐवजी दुकानातला रंगही दिसतो. आरशाच्या फुटक्या तुकड्यात बघत, एकमेकांच्या कपाळावर रेघा ओढत सकाळी दोन-तीन तास ही तयारी चालते. जाणाऱ्याने नाचाच्याही आधी पोचावं ते यासाठी.

१९७५ मध्ये स्वातंत्र्य आलं, त्याच वर्षी देशाचं नवं चलनही. त्याचं नाव ‘किना’, म्हणजे तोच शिंपला. शोचं तिकीट किनात काढून आत गेलं की समोरच्या नाचणाऱ्याच्या छातीवर अर्धचंद्रासारखा लटकत असतो तो मूळचा किना.