गोलांचा सातबारा

२०२४-२५ च्या हंगामात मोहन बागानने २४ सामन्यांत ५६ गुण कमावले आणि इंडियन सुपर लीगमध्ये 'सर्वाधिक गुण' या रकान्यात त्यांचं नाव चढलं. त्याच हंगामात नॉर्थईस्ट युनायटेडच्या अलाएद्दीन अजराईने २३ गोल केले. आयएसएलच्या एका हंगामात इतके गोल आधी कुणी केले नव्हते. आकडे बिनचूक आहेत. मात्र ही वही उघडली १२ ऑक्टोबर २०१४ ला, कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर, अ‍ॅटलेटिको डी कोलकाताच्या फिक्रू तेफेराने मुंबई सिटीच्या जाळ्यात लीगचा पहिला गोल मारला तेव्हा. मोहन बागानची स्थापना १८८९ ची. क्लब सव्वाशेच्या पुढे गेलेला, आणि त्याचे विक्रम ज्या वहीत लिहायचे ती वही पाचवी-सहावीतल्या पोराच्या वयाची.

मराठवाड्यात ही अडचण समजावून सांगायला कष्ट पडत नाहीत. नोंद कुठल्या दप्तरात आहे, उर्दूत की मोडीत, खासरापत्रकात की सातबाऱ्यावर, यावर इथं माणसांची कामं अडतात आणि सुटतात. निजामाच्या दप्तरात फसली सन असतो, त्यात ५९० मिळवले की इसवी सन हाती लागतो. म्हणजे वर्ष कोणतं हे कळायलाच आधी बेरीज करायची. फुटबॉल लीगच्या विक्रमांचंही असंच आहे. आकडा किती, हे नंतर. वही कोणती आणि कधीपासूनची, हे आधी.

लीगची पहिली वही इंग्लंडातली. १८८५ मध्ये तिथं पगारी खेळाडूंना मान्यता मिळाली आणि क्लबांपुढे रोकडा प्रश्न उभा राहिला: दर आठवड्याला पगार द्यायचा तर तिकिटंही नेमानं विकली गेली पाहिजेत. तोवर सामने म्हणजे कप स्पर्धा, नाहीतर मैत्रीचे. समोरचा संघ ऐनवेळी यायचाच नाही. अ‍ॅस्टन व्हिलाच्या विल्यम मॅकग्रेगर यांनी मार्च १८८८ मध्ये इतर क्लबांना पत्र लिहिलं आणि सप्टेंबरात १२ क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली. गंमत अशी की खेळ सुरू झाला तरी गुण कसे द्यायचे हे ठरलेलं नव्हतं. विजयाला दोन, बरोबरीला एक हा नियम नोव्हेंबरात झाला, म्हणजे पेरणी होऊन पीक गुडघ्याला आल्यावर वाटा ठरवल्यासारखं. प्रेस्टन नॉर्थ एंडने २२ सामन्यांत १८ जिंकले, ४ बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही, गुण ४०. इंग्लंडमध्ये विजयाला तीन गुण १९८१ पासून मिळायला लागले. त्या मापाने प्रेस्टनचे ५८ होतात. माणसं तीच, सामने तेच, आकडा दुसरा.

बरोबरीचे गुण झाले तर वरचा कोण, या प्रश्नावर जरा थांबायला हवं, कारण विक्रमांच्या वहीत सगळ्यात जास्त भानगडी इथं आहेत. इंग्लंडमध्ये १९७६ पर्यंत गोल सरासरी चालायची: केलेले गोल भागिले खाल्लेले गोल. १९२३-२४ मध्ये हडर्सफील्ड आणि कार्डिफ दोघांचे ५७ गुण झाले. हडर्सफील्डचे गोल ६०, खाल्लेले ३३. कार्डिफचे ६१ आणि ३४. भागाकार केला तर १.८१८ आणि १.७९४. विजेतेपद ०.०२४ च्या फरकाने हडर्सफील्डला. आता त्याच आकड्यांची वजाबाकी करून पाहा. दोन्हीकडे २७. मग जास्त गोल कुणाचे? कार्डिफचे. आजच्या रीतीने कार्डिफ विजेता ठरला असता. शेवटच्या दिवशी त्यांनी एक पेनल्टी वाया घालवली होती आणि सामना ०-० सुटला होता, हे कार्डिफवाल्यांच्या जिव्हारी किती लागलं असेल!

याचा उलटा खेळ १९८९ मध्ये झाला. २६ मे रोजी अ‍ॅनफील्डवर आर्सेनलने लिव्हरपूलला २-० हरवलं, दुसरा गोल मायकेल थॉमसने अगदी शेवटच्या क्षणी केला. दोघांचे ७६ गुण. आर्सेनलचे गोल ७३-३६, लिव्हरपूलचे ६५-२८. वजाबाकी दोन्हीकडे ३७. जास्त गोल म्हणून आर्सेनल विजेता. जुना भागाकार चालू असता तर लिव्हरपूलचे २.३२ आणि आर्सेनलचे २.०३, म्हणजे करंडक हललाच नसता. आयपीएलच्या नेट रनरेटवर डोकं खाजवणाऱ्यांनी हे दोन हंगाम एकदा कागदावर मांडून पाहावेत.

गोलांचे विक्रमही असेच नियमाच्या पोटातून निघालेत. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम सैल केला. चेंडू पास होताना पुढच्या खेळाडूसमोर प्रतिस्पर्ध्याचे तीनऐवजी दोन खेळाडू असले तरी चालायला लागलं. इंग्लंडच्या पहिल्या विभागात १९२४-२५ मध्ये ११९२ गोल झाले होते, पुढच्याच हंगामात १७०३. एव्हर्टनच्या डिक्सी डीनने १९२७-२८ मध्ये ३९ सामन्यांत ६० गोल केले, ते या सुगीतले. याने त्यांचा मोठेपणा कमी होत नाही, पण पाऊस कुणाच्या शेतावर कधी पडला हे लक्षात ठेवलेलं बरं.

मग १९९२ मध्ये प्रीमियर लीग आली आणि इंग्लंडने नवी वही काढली. तिच्यात अ‍ॅलन शीअररचे २६० गोल सर्वात वर आहेत. जिमी ग्रीव्ह्जने त्याआधीच्या वरच्या विभागात ३५७ केले होते. ते जुन्या वहीत राहिले. टीव्हीवरचं प्रक्षेपण, जाहिराती, रंगीत तक्ते सगळं नव्या वहीवर चालतं. ग्रीव्ह्ज असे मागे पडले, गोल न घटता.

भारतात वही तीनदा बदलली. त्याआधी लीग होत्या त्या शहरांच्या. कलकत्ता लीग १८९८ ची. देशभरच्या संघांची गाठ पडायची ती कपांमध्ये, ड्युरँड, रोव्हर्स, आयएफए शील्ड. इथं मराठवाड्याचा एक धागा आहे, आणि तो मुंबईकडून येत नाही. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स कप हैदराबाद सिटी पोलिसांनी जिंकला. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, ज्यांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदकं मिळवली आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा क्रमांक. औरंगाबाद, नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद हे जिल्हे तेव्हा हैदराबाद राज्यातच होते. म्हणजे आपल्याच राज्याचे पोलिस मुंबईला कूपरेजवर जाऊन मुंबईचा कप पाच वेळा घेऊन आले. १९५६ मध्ये राज्य फुटलं, जिल्हे इकडे आले आणि ही आठवण तिकडे राहिली. लीगच्या वहीत तर तिला जागाच नाही, कारण ती कपाची.

देशाची पहिली लीग, नॅशनल फुटबॉल लीग, १९९६-९७ मध्ये सुरू झाली. फगवाड्याच्या जेसीटीने ती जिंकली. २००५-०६ मध्ये मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने. २००७-०८ पासून तिची आय-लीग झाली. २०१४ मध्ये आयएसएल आली, काही वर्षं दोन्ही शेजारी शेजारी चालल्या, आणि पुढे आय-लीग दुसऱ्या पायरीवर गेली. आता अजराईच्या २३ गोलांकडे परत या. २०११-१२ च्या आय-लीगमध्ये, ती देशाची सर्वोच्च लीग असताना, डेम्पोच्या रँटी मार्टिन्सने ३२ गोल केले होते. सुनील छेत्रीने आयएसएलमध्ये बार्थोलोम्यू ओगबेचेचा ६३ गोलांचा विक्रम मागे टाकला, पण त्याआधी आय-लीगमध्ये केलेले त्याचे गोल या बेरजेत धरलेले नाहीत. कुणी लबाडी केलेली नाही. जमीन तीच, गट नंबर बदलले, आणि फेरफार करताना मागचं पान कुणी जोडलं नाही, इतकंच.

आयएसएलच्या आतही मोजमाप एकसारखं नाही. २०१४ मध्ये ८ संघ, साखळीत प्रत्येकाचे १४ सामने. २०१७-१८ मध्ये १० संघ आणि १८. २०२४-२५ मध्ये १३ संघ आणि २४. त्यामुळे 'सर्वाधिक' हा शब्द कानावर आला की मी एकरी उतारा काढतो. सोयाबीन किती झालं म्हणून कुणी सांगितलं तर पारावरचा म्हातारा पहिला प्रश्न करतो, "एकरी किती पडलं?" मोहन बागानचे ५६ म्हणजे सामन्यामागे २.३३. मुंबई सिटीने २०२२-२३ मध्ये २० सामन्यांत ४६ मिळवले होते, म्हणजे २.३०. दहा गुणांचं अंतर असं झटक्यात केसाएवढं होतं. शिवाय २०१८-१९ पर्यंत साखळीत पहिला येणाऱ्याला वेगळा मान नव्हता, प्लेऑफची अंतिम फेरी जिंकेल तो विजेता. साखळीची शील्ड २०१९-२० पासून. त्यामुळे 'किती वेळा विजेते' हा प्रश्नही कप की शील्ड हे विचारल्याशिवाय सुटत नाही.

हे सगळं वरच्या दर्जाचं झालं. खाली काय चालतं, ते मी टेबलावर बसून पाहिलंय. संभाजीनगरच्या आमखास मैदानावर एका नॉकआउट स्पर्धेत काही पावसाळे मी वही सांभाळली. दोनशे पानी वही, पट्टीने आखलेले रकाने: गोल, कुणाचा, मिनिट, कार्ड. मिनिटाचा रकाना निम्मा रिकामा, कारण घड्याळ रेफ्रीच्या मनगटावर आणि रेफ्री पलीकडच्या टोकाला. एकदा कॉर्नरवर गर्दी झाली, चेंडू कुणाच्या तरी नडगीला लागून आत गेला. फॉरवर्ड हात वर करून थेट टेबलाकडे पळत आला. "मामू, मेरे नाम पे लिखो." मागून बचावातला पोरगा, "हौ, उसीका लिखो, मेरा पाँव लगाच नै." असं एकमत मैदानावर क्वचित होतं. मी लिहिलं. हाफटाइमला रेफ्रीने सांगितलं, स्वयंगोल आहे. खोडलं. स्पर्धा संपली तेव्हा त्या फॉरवर्डला सर्वाधिक गोलांचं बक्षीस एका गोलाने हुकलं होतं आणि तो दोन वर्षं माझ्याशी नीट बोलला नाही.

प्रीमियर लीगमध्ये अशा वादग्रस्त गोलांसाठी वेगळी समिती असते. फटका मुळात गोलच्या चौकटीकडेच चाललेला होता का, हा त्यांचा मुख्य निकष. आमच्याकडे समिती म्हणजे चहाची टपरी. आयोजकांपैकी एका काकांच्या पत्र्याच्या पेटीत जुन्या वह्या होत्या. काढून पाहिल्या, तर फक्त अंतिम सामन्यांचे निकाल, '३-१', बस. गोल कुणी केले, नाही. एका वहीचं वर्ष लिहिलेलं पान वाळवीने खाल्लेलं.

मिनिटाच्या त्या रिकाम्या रकान्याचा ध्यास घेणारा माणूस इंग्लंडमध्ये होऊन गेला. चार्ल्स रीप, हवाई दलातले हिशेबनीस. १८ मार्च १९५० ला स्विंडन टाउन आणि ब्रिस्टल रोव्हर्स यांच्या सामन्यात मध्यंतरानंतर त्यांनी वही काढली आणि प्रत्येक चाल खुणांनी उतरवायला लागले. पुढे १९५८ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना त्यांनी वॉलपेपरच्या गुंडाळीवर उतरवला. बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासांतून होतात, असं त्यांना दिसलं, आणि मग चेंडू लांब मारा हा सल्ला निघाला. चूक अशी की खेळातल्या बहुतेक चालीच तेवढ्या पासांच्या असतात. गोल त्यांतूनच जास्त निघणार. गावात बहुसंख्य घरं पत्र्याची असतील तर चोऱ्याही पत्र्याच्याच घरात जास्त होतील, म्हणून पत्रा वाईट ठरत नाही. रीप यांचं हिशेबाचं वेड मात्र टिकलं. १९९६ मध्ये ऑप्टा ही खेळाची आकडेवारी ठेवणारी कंपनी आली. पास, टॅकल, धाव मोजणं हा धंदा झाला. २०१२ नंतर अपेक्षित गोल, म्हणजे त्या जागेवरून मारलेला फटका किती वेळा आत जातो याचा अंदाज, रूढ झाला. नव्या पोरांना तो तोंडपाठ आहे.

राहिला प्रश्न वारसाचा. विम्बल्डन क्लब लंडनमधून मिल्टन कीन्सला गेला, नाव बदललं, आणि १९८८ चा एफए कप कुणाचा यावर वर्षानुवर्षं वाद झाला. २००७ मध्ये मिल्टन कीन्सने तो वारसा जुन्या गावाला परत केला. आपल्याकडे पुणे सिटी पाच हंगाम खेळली, एकदा उपांत्य फेरीपर्यंत गेली, २०१९ मध्ये बंद पडली. तिच्या जागी हैदराबाद एफसी आली. पहिल्या हंगामात ती तळाला, आणि २०२१-२२ मध्ये विजेती: गोव्यातल्या फातोर्ड्यात केरळ ब्लास्टर्सविरुद्ध १-१, मग पेनल्टीवर ३-१, गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणीने तीन अडवल्या. २०२५ मध्ये हा संघ दिल्लीला गेला, नावासकट बदलून.

नांदेडचा माझा एक मित्र हैदराबादचा. म्हणजे राहतो नांदेडात, संघ हैदराबादचा. देवगिरी एक्स्प्रेसने सिकंदराबाद गाठणं त्याला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ पडतं. विजेतेपदाचा तो हंगाम कोरोनामुळे अख्खा गोव्यात झाला, हैदराबादच्या गच्चीबावली स्टेडियमवर एकही सामना नव्हता. पुढच्या वर्षी तो जाऊन आला, पिवळी जर्सी घेऊन आला. आता त्याला विचारलं की तुझा संघ कुठला, तर तो आधी विचारतो, "कोणत्या सालचा?"